वहिनीचं माजघर

माझ्या नीलिमावहिनीची ओळख करून द्यायची झाली, की आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं असतं: 'ती काही बोलत नाही, पण तिच्या हाताला चव आहे.' इतकी वर्षं हेच ऐकून माझे कान किटले. बाई बोलत नाही, कारण तिच्याशी कुणी बोलण्यासारखं बोलतच नाही, हे माझ्या भावाला कुणी सांगायचं? मी सांगून पाहिलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा मागितला, तोही वहिनीकडे.

माझा भाऊ नंदकिशोर, म्हणजे आमचा दादा. चाकणच्या एका कंपनीत टूलरूममध्ये त्यानं उभा जन्म काढला. गेल्या वर्षी रिटायर झाला, आणि आता निगडीला यमुनानगरात सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून लोकांच्या गाड्या नीट लागल्यात की नाही हे गॅलरीतून बघत असतो. मुलगा अर्णव हिंजवडीला आयटीत आहे आणि मारुंजीत मित्रांबरोबर भाड्यानं राहतो. मारुंजी काही फार लांब नाही. पण वाटेतलं ट्रॅफिक हे त्याचं आईकडे न येण्याचं कारण आहे, आणि ते खरं असल्यामुळे त्याला कुणी बोलू शकत नाही. मी निवेदिता, तळेगाव दाभाड्याला शिवणाचे क्लास घेते. तोंडानं फटकळ आहे, ते तुम्हाला कळेलच.

वहिनी अर्णवला रोज फोन करायची. "जेवलास का?" "हो." "काय जेवलास?" "होतं काहीतरी." "बरं, ठेवते." झाला फोन. ठेवल्यावर ती थोडा वेळ मोबाईल हातातच धरून बसायची. मला ते बघवायचं नाही.

मग तो लॅपटॉप आला. आला म्हणजे घरातलाच, अर्णवच्या कॉलेजच्या वेळचा. दादा त्याच्यावर सोसायटीच्या नोटिसा टाइप करायचा. तो इतका हळू झाला होता, की चालू करून माणसानं अंघोळ उरकून यावं. पंखा घरघर करायचा, आणि वर रोज एक पाटी यायची, की नवीन विंडोज या मशीनवर चालणार नाही. अर्णव म्हणाला, "भंगारात द्या, मी नवा घेऊन देतो." दादाला ते पटलं. वहिनीनं मात्र मोबाईलवर कुठल्याशा मराठी मुलाचा व्हिडिओ पाहिला होता. जुन्या मशीनवर लिनक्स नावाचं दुसरं काही चालतं आणि ते फुकट मिळतं, असं तो सांगत होता. तिनं अर्णवला फोन केला आणि जेवणाचं विचारायच्या आधीच म्हणाली, "मला लिनक्सचा पेन ड्राइव्ह बनवून देशील का रे?"

तो पोट धरून हसला, पण पुढच्या खेपेला घेऊन आला.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, हे मला वहिनीनंच समजावलं. "अगं, मशीन तेच. घर चालवणारी बाई तेवढी बदलायची." शिवाय यात एक सोय होती. लिनक्स पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं. आवडलं तर आत घ्यायचं, नाहीतर पेन ड्राइव्ह काढला की जुनं जसंच्या तसं. वहिनी म्हणाली, "बघ, मशीनला पण विचारतात, आधी राहून बघ म्हणून. आपल्याला कुणी विचारलं होतं?" मी हसून हसून बेजार. वहिनी विनोद करते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तो उन्हाळा तिनं त्या मशीनबरोबर काढला. दुपारी स्वयंपाकघर आवरलं की डायनिंग टेबलावर पंचा अंथरून त्यावर लॅपटॉप ठेवायची. लिनक्सच्या म्हणे शेकडो जाती. एक टाकली तर वायफायच लागेना. दुसरीत अक्षरं मुंगीएवढी. तिसरीत सगळं छान, पण मराठी जोडाक्षरं फुटायची. दुसरी कुणी असती तर कंटाळली असती. वहिनीला प्रत्येक बिघाडाचा आनंदच व्हायचा. एकदा मी गेले तर स्क्रीनच्या तळाची पट्टी गायब झालेली, आणि ही गालाला हात लावून खुशीत बसलेली. "मीच घालवली," म्हणाली, "आता कशी आणायची ते शोधतेय." चहा उकळून सांडला तरी हिला पत्ता नाही. मग काळ्या खिडकीत पांढऱ्या अक्षरांत काहीतरी लिहिलं, एंटर मारला, आणि पट्टी आली. वहिनीनं टाळी वाजवली. लग्नानंतर तिला टाळी वाजवताना मी आरतीशिवाय कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी एक जात तिच्या मनास आली आणि तिनं ती आत घेतली. पंख्याची घरघर थांबली. दादाची चप्पल पायात चढेपर्यंत लॅपटॉप तयार व्हायला लागला.

पुढे तिला शोध लागला, की मेनूतली नावंही आपल्याला हवी तशी बदलता येतात. मग काय, ऊतच आला. फाइली ठेवायच्या जागेला तिनं नाव दिलं 'फडताळ'. लिहायच्या जागेला 'पाटी'. सेटिंगला 'डागडुजी'. इंटरनेटवर जायच्या बटणाला 'चव्हाटा', आणि ते नाव वाचून मला खोकला येईपर्यंत हसू आलं. आणि ती काळी खिडकी, जिच्यात नुसतं टाइप करून मशीनला हुकूम सोडायचा, ती 'माजघर'. "इथं परक्यानं यायचं नाही," वहिनी म्हणाली. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या बाईनं एवढे शब्द कुठं साठवून ठेवले होते, कोण जाणे.

दादासाठी तिनं वेगळं खातं केलं होतं. त्याचं नाव, त्याच्या कंपनीच्या निरोप समारंभाचा फोटो, आणि मधोमध मोठ्या अक्षरांत 'सोसायटीच्या नोटिसा'. चष्मा न लावता दिसेल अशी अक्षरं. दादानं ते एकदाही उघडलं नाही, नोटिसा हातानं लिहिल्या.

पण या सगळ्यातली खरी गोष्ट वेगळीच होती. अर्णवचे फोन लांबले होते. आता तिच्याकडे विचारायला काहीतरी होतं, आणि त्याच्याकडे सांगायला. "आई, तू पासवर्ड न देता ते करत होतीस, म्हणून अडलं." "असं होय! थांब, ठेवू नकोस, करून बघते." पलीकडून तो, "भारी गं आई!" त्याच्या ऑफिसातल्या गोष्टी निघायच्या, कुणाचं कुठं बिनसलं तेही निघायचं. वहिनी मला म्हणाली, "निवू, मला आत्ता कळायला लागलं तो दिवसभर काय करतो ते." तिला लिनक्सचं वेड होतंच, नाही म्हणत नाही. पण त्या मशीनमधून तिला मुलगा परत मिळाला होता, आणि तो तिला जिवापाड जपायचा होता.

पितृपंधरवड्यातलं एक बोलणं तर माझ्यासमोर झालं, फोन स्पीकरवर होता. अर्णव सांगत होता, "आई, तू केलेलं सगळं, रंग, नावं, सगळं, लपलेल्या फाइलींत असतं. त्यांच्या नावाआधी एक टिंब असतं बघ. बाकी काही गेलं तरी चालेल, पण त्या टिंबवाल्या जप. त्या म्हणजे तू." वहिनीनं 'बरं' म्हटलं आणि डोळे पुसले. मी म्हटलं, पोरगं शहाणं निघालं.

दादा मात्र धुसफुसत होता. त्याचं एकच पालुपद होतं, "हिनं सेटिंग हलवलंय." हा टूलरूमचा शब्द आहे. त्या जगात याहून मोठा गुन्हा नाही. पहिल्या शिफ्टच्या माणसानं जीव ओतून मशीन लावायचं आणि दुसऱ्या शिफ्टच्यानं येऊन आपल्या सोयीनं फिरवायचं. दादाच्या मशीनचं सेटिंग एकदा भिमाजी नावाच्या त्याच्या जोडीदारानं हलवलं होतं, तर दादा दोन दिवस जेवला नव्हता. वहिनी ताट घेऊन समोर बसायची आणि हा भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, "माझ्या हाताखालचं मशीन आहे राव, मला विचारायचं तरी!" पुढे भिमाजीशी तो रिटायर होईपर्यंत कामापुरतंच बोलला. आमच्या घरात ही गोष्ट पोराबाळांनाही पाठ आहे.

आता खंडेनवमीचं सांगते. आमच्या या भागात खंडेनवमीला देवापेक्षा मशीनचा मान मोठा असतो. कंपन्यांत आदल्या दिवशी सगळी मशीनं धुऊनपुसून लखलखीत करतात आणि मग हार घालतात. दादा रिटायर झाला तरी त्याची ती शिस्त घरात चालू आहे. चौरंगावर त्याची मापं घ्यायची हत्यारं, मिक्सर, स्कूटरची किल्ली, सगळं मांडतात. माझी कात्रीसुद्धा मी घरची पूजा उरकून त्याच्याकडे आणते. यंदा वहिनी म्हणाली, लॅपटॉपही ठेवायचा. दादा नुसता 'ठेवू' म्हणाला. मला तेव्हाच चमकायला हवं होतं.

आदल्या दिवशी अर्णवचा फोन आला होता. "उद्या येतोय, आई. पासवर्ड काय ठेवलायस गं? तू काय काय केलंयस, बघायचंय मला निवांत."

पासवर्ड म्हणजे त्याचंच लहानपणीचं हाक मारायचं नाव. तिनं ते लाजत सांगितलं. सकाळी अर्णव आला, तशा आम्ही दोघी टिळक चौकात झेंडू आणायला गेलो, तर वाटभर तिचं तेच चाललेलं. "मुद्दामच बाहेर पडले गं. मी समोर असले तर त्याला नीट बघता येणार नाही. त्याला एकट्यालाच बघू दे." फुलवाल्याकडे तिनं भाव केला नाही. आंब्याच्या डहाळ्या विसरून आली, अर्ध्या वाटेतून परत गेलो. मी चिडवलं, "बोर्डाची परीक्षा आहे का तुझी?" तर म्हणाली, "आहेच."

घरी आलो तर चौरंग मांडून तयार. अर्णव सोफ्यावर मोबाईलमध्ये. दादा नवा सदरा घालून खुशीत. वहिनीनं त्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं, कुणी काही बोलेल म्हणून. अर्णवनं मोबाईलमधून मान वर केली नाही. तिनं हार केले, ताट घेतलं, हत्यारांना हळदकुंकू वाहिलं, मिक्सरला वाहिलं. मग लॅपटॉपला बोट लावण्याआधी तिनं तो उघडून चालू केला. चालू मशीनचीच पूजा करायची, हा दादाचाच नियम.

पंखा घरघरला. बराच वेळ काही दिसेना. मग निळा पडदा आला, त्यावर इंग्रजीत स्वागत. फडताळ नाही, पाटी नाही, चव्हाटा नाही. कुंकवाचं बोट तसंच हवेत.

"हे काय?" वहिनी म्हणाली.

"साफ करून घेतला," दादा म्हणाला. "पूजेला मशीन मूळ सेटिंगवर पाहिजे. अर्णवनं फॉरमॅट मारला, जुनी विंडोज परत टाकली. बघ, कसा सरळ झाला."

अर्णव उठून आला. "टेन्शन नको घेऊ, आई. फोटो, रेसिपी, सगळं कॉपी करून ठेवलंय मी. काहीही गेलं नाही."

"टिंबवाल्या घेतल्यास?"

तो मोबाईलकडे बघायला लागला. "त्या इकडे उपयोगाच्या नसतात गं."

"तूच म्हणाला होतास, त्या जप म्हणून."

माझंच डोकं फिरलं. मी म्हटलं, "अरे, तिला विचारायचं तरी! माझ्या शिलाई मशीनचा टाका कुणी न विचारता फिरवला तर मी ही कात्री फेकून मारीन."

"त्यात विचारायचं काय?" दादा म्हणाला. तो भांडत नव्हता, समजावत होता, आणि त्याचाच मला जास्त संताप आला. "मी गणपतीतच सांगितलं होतं त्याला, ही भानगड काढून टाक म्हणून. तोच म्हणाला, दसऱ्याला येतो तेव्हा उडवतो, तोवर खेळू दे तिला."

अर्णव पटकन म्हणाला, "बाबा, मी तसं नव्हतो म्हणालो."

पण कसं म्हणाला होता, ते काही त्यानं सांगितलं नाही. मी वहिनीकडे पाहिलं. ती काय जुळवतेय ते मला दिसत होतं, कारण मीही तेच जुळवत होते. गणपती आधी, पितृपंधरवडा नंतर. म्हणजे 'टिंबवाल्या जप, त्या म्हणजे तू' असं तो म्हणाला, तेव्हा त्या उडवायचा दिवस त्यानं ठरवून ठेवला होता. ते सगळे 'भारी गं आई' त्यानं आजाऱ्याला गोड बोलावं तसे बोललेले. आणि पासवर्ड विचारला तो बघण्यासाठी नव्हे.

वहिनी रडली नाही. ती दादाकडे वळली. "भिमाजींनी तुमचं सेटिंग हलवलं, तेव्हा तुम्ही दोन दिवस अन्नाला शिवला नाहीत. मी ताट घेऊन बसले होते तुमच्यापुढे. मला नसतं कळलं तर एक वेळ ठीक. तुम्हाला तर ठाऊक होतं."

दादा क्षणभर गडबडला. मग म्हणाला, "ते कंपनीचं काम होतं, नीलिमा. हे काय काम आहे?"

त्या माणसाला मी राखी बांधते, त्यानं माझ्या लग्नात रात्रंदिवस राबून मांडव उभा केला, सगळं मान्य. पण त्या वाक्याला मी त्याला अजून माफ केलेलं नाही. वहिनीनं लॅपटॉप बंद केला, चौरंगावरून उचलला आणि टेबलावर नेऊन ठेवला. "याची पूजा नको," म्हणाली. "हा माझा नाही." बोटावरचं कुंकू तिनं माझ्या कात्रीला लावलं.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला अर्णव जायला निघाला. आपट्याचं पान तिच्या हातात ठेवून वाकला, म्हणाला, "सोनं घे आई, सोन्यासारखी राहा." तिनं पान घेतलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याला पानही दिलं. तोंडानं काही म्हणाली नाही. तो दारात घुटमळला. "परत टाकून देऊ का ते? वीस मिनिटांचं काम आहे."

"तुझ्यासाठी वीस मिनिटांचं," वहिनी म्हणाली. "ट्रॅफिक लागेल, नीघ."

दादाला वाटलं, प्रकरण मिटलं. त्यानं नोटिसा टाइप केल्या, आणि पंख्याची घरघर आठवडाभर ऐकल्यावर 'मधे ही घरघर नव्हती' असं स्वतःच म्हणाला.

दिवाळीच्या आधी मी चकलीचं पीठ घेऊन गेले, तर वहिनी टेबलावर पंचा अंथरून बसलेली. घरघर बंद. पडदा हिरवट, लिनक्स पुन्हा आलेलं. पेन ड्राइव्ह तिच्याजवळच होता, तिनं कुणालाही न विचारता सगळं परत टाकलं होतं. मला इतका आनंद झाला, की मी तिला मिठीच मारली. मग मेनू उघडून बघितला तर फडताळ नव्हतं, चव्हाटा नव्हता. नावं आली तशीच ठेवलेली. "नाही घातलीस नावं?" मी विचारलं. "सुचत नाहीत आता," ती म्हणाली. दादाचं खातंही नव्हतं. फक्त काळ्या खिडकीखाली 'माजघर' एवढं लिहिलेलं.

लॅपटॉप तसाच चालू ठेवून ती पीठ मळायला बसली, तेवढ्यात अर्णवचा फोन आला. हल्ली तोच करतो. हात चकलीच्या पिठात होते म्हणून तिनं स्पीकर लावला.

"आई, बाबा म्हणाले, तू परत टाकलंस! भारी गं! एकटीनं?"

"हो."

"काही अडलं का?"

"नाही."

"मी रविवारी येतोय, तेव्हा दाखव हां सगळं." मग जरा हसून, लाडानं, पूर्वीसारखं, "पासवर्ड काय ठेवलायस गं आता?"

वहिनीनं पीठ मळायचं थांबवलं. समोरच्या पडद्याकडे बघत राहिली. मला वाटलं, रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं, त्या पोराला निदान बोलायला काही उरलं असतं.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

मग तो म्हणाला, "हो."

"काय जेवलास?"

"होतं काहीतरी."

"बरं, ठेवते," वहिनी म्हणाली, आणि पीठ मळायला लागली.